एक एप्रिलची ईद

ईदचा चाँद दिसू नये म्हणून दुआ मागणारी पोरगी पाह्यली का तुमी कधी? नाही ना? मंग पाहून घ्या. तुमच्या बाजूलेच बसली आहे, हातात समोसा घेऊन.

हसू नको बे पायल, ठसका लागीन. आपली गाडी अजून मलकापूरलेच उभी आहे म्हणते, इथं यायले वेळ आहे, तर ऐका आरामात. राखी, तुले वाटते तुले सगळं माहीत आहे. तू कॉलेजभर सांगत फिरली की मुबीनाचा फहीम मांगच्या ईदले आला नाही, त्याले सुट्टी भेटली नाही. सुट्टी होती वं! सुट्टीच सुट्टी होती. मॅचा संपल्या होत्या, बॅग भरून ठेवली होती, अन् पोरगा शारजात एका खोलीत पंख्याकडे पाहत पडला होता. अन् मी इथं नांदुऱ्यात.

काऊन? तर इन्कम टॅक्स.

हाव, इन्कम टॅक्स! आपण बी.कॉम.ले रट्टा मारतो ना, रहिवासी कोण अन् अनिवासी कोण, तेच. मी पेपरात लिहून आली होती, मार्क बी भेटले होते. मले काय माहीत की ते माह्याच घरी येऊन बसणार आहे!

पायल आपल्यात नवीन आहे, तिच्यासाठी पहिल्यापासून सांगते. फहीम म्हणजे आमच्या बाजूच्या बिलकिस खालाचा एकुलता एक पोरगा. आमची गच्ची अन् त्याईची गच्ची लागून, मधात गुडघाभर कठडा. व्हॉलीबॉल खेळते. इतका उंच की आमच्या दारातून आत येताना दरवेळी वाकते अन् तरी दरवेळी डोकं आपटते. कापसाच्या जिनिंगच्या मांगच्या मोकळ्या जागेत पोराईसोबत शूटिंगबॉल, म्हणजे आपला गावठी व्हॉलीबॉल, खेळता खेळता कोण्या सरांच्या नजरेत आला, मंग अमरावतीले गेला, मंग कॅम्प, मंग एकदम शारजाच्या एका क्लबाकडून. पगार घेऊन. माह्ये अब्बा तर म्हणे, "उड्या मारायचे पैसे देतात? मी तर जन्मभर फुकट मारल्या!"

तर तिकडचा सीझन म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. बाकी इकडे घरी. आता पाहा, मांगच्या नाही, त्याच्या मांगच्या सप्टेंबरात आमची मंगनी झाली. खरं तर ऑगस्टातच व्हायची होती. पण त्याची फुफी, म्हणजे आत्या, जळगाव जामोदहून आली अन् बसली अडून. सफरचा महिना आहे म्हणे, सफरमध्ये शुभ काम नाही करत. बरं, सफर गेला. मंग बारावफातचा सण होऊ द्या म्हणे. ते बी झालं. मंग जुम्मा, म्हणजे शुक्रवारच पाह्यजे म्हणे. तिकडून क्लबवाले रोज फोन करून राह्यले, ये बाबा, प्रॅक्टिस सुरू झाली. अन् हा म्हणे, आलो, आलो, घरी जरासाक कार्यक्रम आहे. सत्तावीस सप्टेंबरच्या जुम्म्याले अंगठी झाली अन् त्याच राती गाडीत बसून दुसऱ्या दिवशी मुंबईहून उडाला.

जायच्या आधी गच्चीवर भेटला जरासा. तो त्याच्या बाजूनं, मी माह्या बाजूनं. म्हणे, "ईदले येतोच. मार्चमध्ये मॅचा संपतात. शीरखुर्मा तुह्या हातचा." मी म्हटलं, "माह्या हातचा जळते." म्हणे, "जळका बी चालते."

हाव हाव, फिदीफिदी करून घ्या तुमी दोघी. पुढचं ऐका.

रमजान लागला तसं खाला एक दिवस सकाळीच आली. चेहरा उतरलेला. म्हणे, "मुबीना, शालिग्राम वकिलानं बोलावलं. फहीमच्या टॅक्सचं काही तरी आहे. तू बी.कॉम. करून राह्यली ना, चल माह्यासोबत." शालिग्राम काका म्हणजे मार्केटसमोर बसतात ते, आपल्या अर्ध्या गावाचा टॅक्स तेच भरतात. फहीमनं त्याईले पासपोर्टाचे फोटो पाठवले होते अन् विचारलं होतं की वीस मार्चले घरी जाऊ ना?

काकांनी फोनवर पासपोर्टाचा ठप्पा मोठा करून दाखवला. म्हणे, "भाभी, पोरगा मांगच्या एक एप्रिलले घरी होता, तेव्हापासून अठ्ठावीस सप्टेंबरपर्यंत घरीच. गेला तो दिवस बी धरतात. झाले बरोबर एकशे एक्याऐंशी. अजून एक दिवस जरी भारतात राह्यला तर तो या वर्षी इथला रहिवासी ठरते."

खाला म्हणे, "तर ठरू द्या ना! इथलाच आहे तो. नांदुऱ्याचा."

"तसं नाही भाभी. इथला रहिवासी ठरला की तिकडे कमावलेलं सगळं इथं मोजल्या जाते. तिकडे पगारावर टॅक्स नाही, म्हणून कापल्या गेलं नाही काही. मंग इथं पूर्ण भरा लागीन. अन् दिवस पुरले नाही तर तिकडच्या कमाईवर इथं काही नाही."

"म्हणजे माह्या लेकानं घरी याचा टॅक्स?"

काकांनी होकाराची मान हलवली. मी तर पेपरात तेच लिहिलं होतं वं, मस्त अंडरलाइन करून.

पण खाला काय सोडते का! म्हणे, "बरं, मंगनीचा दिवस काटा. त्या दिवशी कुठं खेळला तो? अन् त्याच्या आधीचे पंधरा दिवस काटा, नुसता पाहुण्याईच्या मांगं फिरत होता."

काका म्हणे, "खेळो का न खेळो भाभी, दिवस तो दिवस."

"अशी कशी हो हजेरी तुमची? आमचे हे जन्मभर जिनिंगमध्ये होते. काम केलं तर हजेरी, नाही केलं तर खाडा. इथं घरी निजून राह्यला तरी हजेरी लागते?"

काकांले हसू आलं पण दाबलं त्याईनं. खाला म्हणे, "रातच्याले आला अन् सकाळी गेला तर?"

"तरी दिवस."

"नांदुऱ्याले येऊच नाही. मुंबईतच थांबीन, आमी जाऊन भेटू."

"मुंबई बी भारतातच येते भाभी."

मंग खालानं विचारलं, "मंग येईन तरी कधी तो?" काका म्हणे, "नवीन वर्ष एक एप्रिलले लागते. त्या दिवसापासून मोजणं नव्यानं सुरू. त्याले म्हणा, एकतीस मार्चच्या राती बारा वाजल्यावरच विमान उतरलं पाह्यजे. तोवर तिकडेच रोजे कर."

घरी येता येता रिक्षात खाला माह्या अंगठीकडे पाहून राह्यली होती. मले कळलं. सफर संपायची वाट पाह्यली, बारावफातची पाह्यली, जुम्म्याची पाह्यली. तेच दिवस होते ते. तेवढे दिवस लवकर गेला असता तर ईदले आरामात आला असता. माह्या मंगनीनंच खाल्ले वं त्याचे दिवस!

राखी, तू म्हणशीन, भरून टाकायचा टॅक्स, एवढं काय. मले बी तेच वाटलं पहिले. पण त्याचा उजवा गुडघा माहीत आहे ना तुले? उडी मारून खाली येते तवा असं तोंड वाकडं करते. जूनमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. जुनं दुखणं म्हणून क्लब काही देणार नव्हता. तिकडून जे वाचलं होतं ते सगळं त्या गुडघ्यासाठी. टॅक्सात गेलं तर ऑपरेशन नाही, ऑपरेशन नाही तर पुढचा सीझन नाही, अन् सीझन नाही तर तो पोरगा काय करीन? त्याले बॉल मारण्याशिवाय काही येत नाही, खरंच सांगते, गॅस बी पेटवता येत नाही.

तरी एक दिवस इफ्तारनंतर त्याचा फोन आला. व्हिडिओवर. मांगं त्याचा रूममेट, केरळचा एक पोरगा, कपडे वाळू घालत होता. फहीम म्हणे, "मुबीना, कंटाळा आला इथं. मॅच असली की काही वाटत नाही. आता सकाळी उठतो, नमाज, मंग झोपतो, मंग खिडकीतून पार्किंग पाह्यतो. तू फक्त ये म्हण. येतो मी. टॅक्सचं पाहून घेऊ."

माय वो! तुमाले सांगते, 'ये' माह्या दातापर्यंत आला होता. मी जीभ चावली. मी विचारलं, "गुडघा कसा आहे?"

म्हणे, "गुडघ्याचं काऊन विचारते? मी काय विचारून राह्यलो?"

"मी गुडघ्याचंच विचारून राह्यली."

मंग म्हणे, "जिना उतरताना दुखते."

मी म्हटलं, "मंग नको येऊ. एक एप्रिलले ये. धड गुडघा पाह्यजे मले, लंगडा नवरा नाही पाह्यजे." तो हसला. मी बी हसली. फोन ठेवला अन् मी जाऊन मोरीत नळ सोडून बसली. अम्मी बाहेरून ओरडे, पाणी चाललं, पाणी चाललं!

पण एक आशा होती. आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. ईद चाँदवर असते. एकोणतीस रोजे झाले अन् संध्याकाळी चाँद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसला तर तीसवा रोजा, अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी ईद. आमचा एकोणतिसावा रोजा होता तीस मार्चले. चाँद दिसला तर ईद एकतीस मार्चले. नाही दिसला तर?

बरोबर पायल! एक एप्रिलले! हुशार आहे बे तू.

फहीमनं तिकीट तसंच काढलं होतं. एकतीसच्या राती बारानंतर मुंबईत उतरायचं अन् दिवसाच्या गाडीनं दुपारपर्यंत नांदुरा. चाँद नाही दिसला तर ईदच्या दिवशी पोरगा घरी. एका चाँदवर सगळं टांगलेलं.

आता सौदी, दुबईकडे ईद झाली की दुसऱ्या दिवशी आपली, हे लहान पोराले बी माहीत आहे. अन् एकोणतीस मार्चच्या संध्याकाळी फहीमचा फोन आला की इकडे दिसला, उद्या आमची ईद. त्याची ईद एकट्याची झाली, रूममेटनं हॉटेलातून बिर्याणी आणली होती. फोटो पाठवला. दोन प्लास्टिकचे डबे अन् मधात एक पेप्सी. पण म्हणतात ना, आस सुटत नाही. कधीमधी होतात की तीस रोजे! ढग आले तर? धूळ असली तर?

माह्यं एक आहे, चाँद मले सगळ्याईच्या आधी दिसते. लहानपणापासून. गल्लीतले पोरं माह्या अंगाशी चिटकून उभे राह्यतात अन् मी बोट दाखवलं की तिकडे पाह्यतात. बिलकिस खाला दरवर्षी मले त्याबद्दल मूठभर खारका देते, शीरखुर्म्यासाठी आणलेल्याईतून. चाँद दाखवला, घे तुह्या खारका. सहा वर्षांची होती तवापासून चालू आहे हे.

तीस मार्चले मी ठरवलं की गच्चीवर जायचंच नाही. पण घरात जीव लागे ना. रोजा सोडला, अर्धा खजूर तोंडात तसाच, अन् गेली वर. इकडच्या गच्चीवर मी अन् सगळे पोरं, तिकडच्या गच्चीवर खाला एकटी, ओढणी डोक्यावर घेऊन. मलकापूरच्या अंगाले आभाळ लाल, अन् काय सांगू तुमाले, पाण्याच्या टाकीच्या वर बरोबर एक ढग! चांगला मोठा, मळकट गोधडीसारखा. मी अन् खालानं एकमेकीकडे पाह्यलं. दोघीईचे ओठ हलून राह्यले होते अन् मले पक्कं माहीत आहे, दोघी एकच मांगत होतो. या अल्लाह, एक दिवस. एक दिवसासाठी झाकून ठेव.

पोरं ओरडून राह्यले, "मुबीना बाजी, कुठं आहे? मुबीना बाजी, दाखव ना!" मी म्हटलं, "नाही दिसत रे." अन् खरंच नव्हता दिसत. लाल रंग जाऊन राह्यला होता. मालगाडी गेली एक, लंबीच्या लंबी, तिच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ढग तिथंच. मी मनात म्हटलं, झालं. आला फहीम. उद्या सकाळी शीरखुर्म्याचं दूध आणायचं नाही, परवा आणायचं. मेंदी उद्या लावायची. कोणता ड्रेस घालायचा ते बी ठरवून टाकलं.

अन् ढगाच्या खालच्या कोरीले, जिथं ढग संपते ना, तिथं जराशी फट होती. त्या फटीत एक धागा. केसाएवढा.

"दिसला!"

कोण ओरडलं? मी! मीच! माह्या तोंडाले लगामच नाही वं! इतक्या वर्षांची सवय, दिसला की ओरडायचं. डोक्यानं विचार करायच्या आधी तोंड ओरडून मोकळं. बोट बी वर! पोरांनी एकच गिल्ला केला, "दिसला, दिसला, बाजीले दिसला!" बाजूच्या गच्चीवरून, त्याच्या बाजूच्या गच्चीवरून, सगळीकडून "कुठं? कुठं?" अन् सगळ्याईले दिसला. जरा वेळानं मशिदीच्या भोंग्यावर बी सांगितलं.

मी बोट खाली घेतलं अन् खालाकडे पाह्यलं. माह्यात हिंमत नव्हती, पण पाह्यलं.

खाला म्हणे, "काऊन वं बाई, आजच्या दिवस मोतिबिंदू होत नव्हता तुले?"

मी रडायलेच लागली. म्हटलं, "खाला, चुकून निघालं."

तिनं दोन्ही हात वर करून चाँदची दुआ मांगितली. पूर्ण, सावकाश, जशी दरवर्षी मांगते. मंग खाली गेली. मले वाटलं, झालं, आता ही माह्याशी बोलणार नाही, सासू होयाच्या आधीच सासू झाली. पण ती परत वर आली. कठड्यापाशी येऊन माह्या हातात मूठभर खारका ठेवल्या.

"घे. तुह्या हक्काच्या."

"नको खाला."

"घे म्हणते ना. चाँद तू दाखवला. तो का तुह्यासाठी लपून बसणार होता?" असं म्हटलं अन् मंग तिच्याच तोंडाले ओढणी गेली. आमी दोघी कठड्याच्या दोन बाजूईले उभ्या अन् खाली पोरं फटाके फोडून राह्यले.

ईद झाली एकतीसले. नवे कपडे, नमाज, पाहुणे, सगळं झालं. माह्या हातचा शीरखुर्मा जरासा बुडाले लागला, कोणी काही म्हटलं नाही. ज्यानं म्हणायचं होतं तो तिकडे विमानतळावर बसून होता. खालानं त्या दिवशी मले ईदी पाठवली नाही. आमच्यात मंगनी झालेल्या पोरीले सासरहून ईदी येते, बांगड्या, कपडे, मिठाई. अम्मी दुपारपासून दाराकडे पाहून राह्यली होती, तोंड फुगवून. संध्याकाळी म्हणे, "पाह्यलं? ओरडली ना तू, आता भोग."

एक एप्रिलले दुपारी दारात कोणी तरी डोकं आपटलं.

हाव! तोच! आमच्या दारात! अम्मीनं ओढणी सावरली अन् मले आत ढकललं, पण मी पडद्यामांगून पाह्यलं. वाळला होता. उजव्या पायावर कमी जोर देऊन उभा होता. अन् दोन्ही हातात माह्या ईदीचं ताट. असं नवरदेव स्वतः घेऊन येते का कधी? बायका आणतात ईदी! फुफीनं ऐकलं असतं तर जळगावहून पायी आली असती. तो अम्मीले म्हणे, "माह्या अम्मीनं कालच थाटून ठेवलं होतं. म्हणे, बासी ईदची ईदी तूच नेऊन दे."

संध्याकाळी गच्चीवर आला. मी कपडे काढायले गेली होती.

कपडेच काढायले गेली होती वं राखी!

मी एक खारीक राखून ठेवली होती त्या मुठीतली. कठड्यावरून दिली. म्हटलं, "चाँद मीच दाखवला. माह्यामुळंच गेली तुही ईद."

म्हणे, "अम्मीनं सांगितलं फोनवर. मी विमानतळावर इतका हसलो की बाजूचा माणूस उठून गेला." खारीक तोंडात टाकली. मंग सूर्य जाऊन राह्यला होता तिकडे पाहत म्हणे, "आजपासून मोजणं सुरू झालं. आजचा एक गेला."

आल्या आल्या! अजून बॅग उघडली नव्हती त्यानं, अन् एक दिवस वजा! मी म्हटलं, "मंग उभा काऊन आहे? बस ना." अन् बसला तो. त्याच्या बाजूनं. गुडघा सरळ करून. मगरीबची अजान होईपर्यंत दोघं बी काही बोललो नाही, उगाच बोलण्यात वेळ गेला असता.

ऑपरेशन झालं जूनमध्ये, चांगलं झालं. आता उड्या मारते तिकडे, व्हिडिओ पाठवते. अन् यंदा त्यानं हुशारी केली. ईद यंदा अजून आधी येते, मार्चच्या मधातच, म्हणून दिवस राखून ठेवले. पोळा झाला अन् दुसऱ्याच दिवशी गेला. मी म्हटलं, थांब ना आठ दिवस. तर म्हणे, "हे आठ तिकडे ठेवतो, तुह्याच चाँदसाठी." निकाह बी त्याच दिवसाईत ठरला आहे, ईदच्या नंतर. फुफीले सांगून ठेवलं आहे की आता कोणताच महिना काढायचा नाही.

तर येईन तो. यंदा येईन. अन् मी गच्चीवर जाईन अन् गळा फाडून ओरडीन, सगळ्याईच्या आधी.

पण सप्टेंबरात ना, आमच्या गच्चीवर पाऊस उघडल्यावर अशी एक संध्याकाळ येते, सगळं धुतलेलं, जिनिंगचं पत्र्याचं छत चमकून राह्यते. मांगच्या अख्ख्या सप्टेंबरात मी रोज कपडे काढायले वर गेली, वाळलेले नसले तरी. कठड्याच्या त्या बाजूले कोणी नव्हतं. ईदचे दिवस राखले त्यानं, कबूल आहे बाप्पा. पण मले तो सप्टेंबर बी पाह्यजे होता वं.

घे पायल, हा समोसा तूच खा. थंडा झाला.